परिपाठाच्या रांगेत : प्रस्तावना

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, मांडवातून पळालेल्या मुलाची गोष्ट त्याला ठाऊक असते. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टके चाललेली, भटजींनी ‘सावधान’ म्हटले आणि बारा वर्षांचा नारायण खरोखरच सावध होऊन निघून गेला. हा नारायण सूर्याजीपंत ठोसर म्हणजे पुढचे समर्थ रामदास. जन्म 1608 सालच्या रामनवमीचा, गाव जांब. आज त्या गावाला जांब समर्थ म्हणतात आणि ते जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात येते. मी त्याच तालुक्यात एकवीस वर्षे मराठी शिकवले. ही गोष्ट दर वर्षी सांगितली. ‘सावधान’ शब्दावर मुले दर वर्षी हसली. मांडवात उरलेल्या मुलीचे पुढे काय झाले, असे एका वर्षी एका मुलीने विचारले होते. मी तिला खाली बसवले.

समर्थांच्या वैराग्याला भलताच अर्थ चिकटवण्याचा माझा विचार नाही, आणि कुणी तसा चिकटवला तर मला ते रुचणारही नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की लग्नाला नाही म्हणणाऱ्या मुलासाठी आपल्या श्रद्धेने एक दार उघडे ठेवले होते. ते वैराग्याचे. त्या दाराने गेलेल्याला आपण वंदन करतो. ज्याला वैराग्य नको, देव हवा, आईवडील हवेत, गाव हवे, फक्त मुलीशी लग्न नको, त्याच्यासाठी आपल्याकडे दुसरे दार नाही. असा मुलगा माझ्या वर्गात होता.

हे पुस्तक शिक्षकांसाठी आहे. समलिंगी मुलेमुली, त्यांच्या घरची श्रद्धा आणि शाळेत रुजलेली श्रद्धा यांचा मेळ कसा घालायचा, हा त्याचा विषय. प्रस्तावना लिहायला संपादक माझ्याकडे आले तेव्हा मी आधी नकार दिला. या विषयावर बोलण्याचा अधिकार मला नाही, असे मी म्हणालो. का नाही, असे त्यांनी विचारले. तेव्हा मी जे सांगितले तेच इथे लिहितो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मुलगा नववीत होता. मनाचे श्लोक पाठ म्हणावेत तर त्यानेच, उच्चार स्वच्छ, एकही ‘श’ न घसरता. तालुक्याच्या पाठांतर स्पर्धेला मीच त्याला घेऊन गेलो होतो. एक दिवस त्याच्या वहीत दुसऱ्या एका मुलाला लिहिलेली चिठ्ठी सापडली. चिठ्ठीत वाईट असे काही नव्हते. ‘तू दोन दिवस आला नाहीस तर वर्गात करमले नाही,’ अशा धर्तीचे काहीतरी, पण चार ओळी जास्त. वर्गात ‘बायल्या’ सुरू झाले, मग त्याहून वाईट शब्द. स्टाफरूममध्ये बैठक बसली. एक म्हणाले, संस्कार कमी पडले. दुसरे म्हणाले, एखाद्या महाराजांकडे न्यावे. तिसऱ्यांचे मत पडले की दहावी होऊ द्यावी आणि लग्न उरकून टाकावे. वडिलांना पत्र लिहायचे ठरले, आणि अक्षर चांगले म्हणून ते माझ्याकडे आले. ‘आपल्या पाल्याच्या वर्तनाबाबत’ अशी त्या पत्राची सुरुवात होती. वडील दुसऱ्या दिवशी आले, दारातच चप्पल काढून हात जोडून उभे राहिले. पोरगा त्या आठवड्यात शाळेतून गेला.

खूप वर्षांनी जालन्याच्या रेल्वे स्थानकावर तो भेटला. पुण्याला नोकरी करतो म्हणाला. मी अडखळत त्या पत्राचा विषय काढला. तो म्हणाला, “आता कामून उकरता ते, सर? गाडी यायलीय.” आणि वाकून पाया पडला. त्या पाया पडण्याने मला जेवढी लाज आणली तेवढी शिवीने आणली नसती.

त्या बैठकीत आमच्यापैकी कुणी दुष्ट नव्हते. आम्ही सगळे देवभोळे, सरळ, पगारातून वर्गणी देणारे लोक होतो. आम्ही फक्त एक मूल एका हातातून दुसऱ्या हातात दिले. शाळा आणि श्रद्धा यांच्या आपल्याकडच्या भांडणांचा इतिहास मी नंतर वाचू लागलो तेव्हा दिसले की दर वेळी झाले ते हेच. मूल कुणाच्या ताब्यात, एवढ्यावरच सगळे भांडले.

या इतिहासाचे एक टोक जालन्यातच सापडते. इथे आणखी एक नारायण येऊन गेला. नारायण शेषाद्री हा मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण. 1843 साली त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. श्रीपत अल्पवयीन, त्याला मिशनमध्ये राहायचे होते, पण कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. मग दुसरे प्रकरण उभे राहिले. मिशनऱ्यांबरोबर राहून आलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पाद्री, बाप, न्यायमूर्ती, शास्त्री, सुधारक, सगळे आपापल्या जागी प्रामाणिक होते. ज्याच्यावरून हे चालले होते त्याच्या मनाला मात्र निकालात जागा नव्हती.

थोरला नारायण पुढे धर्मोपदेशक होऊन जालन्यात आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले आणि ज्यांना गावाच्या शाळेची पायरी चढू देत नव्हते अशा मातंग, महार कुटुंबांच्या मुलांना तिथे पाटीपेन्सिल मिळाली. श्रद्धा शाळेत आली की नुसते वाटोळेच होते असे समजणाऱ्यांनी बेथेल विसरू नये. निजामाच्या राज्यातल्या जालन्यात या मुलांसाठी इतर कुणी फार धावले नव्हते.

पण त्याच मिशनच्या शाळेतून वाढलेल्या विल्सन महाविद्यालयात ऐंशी वर्षांनी काय घडले तेही सोबत वाचावे लागते. रघुनाथ धोंडो कर्वे तिथे गणिताचे प्राध्यापक होते. ते संततिनियमनाचा उघड प्रचार करू लागले. हे ख्रिस्ती व्यवस्थापनाला मानवेना. प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला तेव्हा 1925 साली कर्व्यांनी नोकरी सोडली. ते महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. गंमत अशी की ज्या सनातनी हिंदूंचे मिशनऱ्यांशी जन्मात पटले नसते, ते या एका बाबतीत व्यवस्थापनाशी मनोमन सहमत होते.

कर्व्यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक नाव न देता प्रश्न पाठवत, कर्वे रोखठोक उत्तरे देत. त्यांत हस्तमैथुनाविषयीचे प्रश्न असत, समलिंगी आकर्षणाविषयीचेही असत. 1934 साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर कुणी प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर अश्लील कसे, हा त्यांचा मुद्दा होता. समलिंगी व्यक्तींबद्दल हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचे म्हणणे त्यांनी कोर्टापुढे ठेवले. कुणाला तशी ओढ निसर्गतःच असेल तर त्याने आपले सुख आपल्या रीतीने शोधण्यात गैर ते काय, इथवर त्यांचा युक्तिवाद गेला. कर्वे खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांचा फोटो नसलेली शाळा आज महाराष्ट्रात नाही. 6 डिसेंबरला आणि 14 एप्रिलला आपण भाषणे करतो. या खटल्याचा उल्लेख मी एकाही भाषणात ऐकलेला नाही. माझ्या स्वतःच्या भाषणांत तो नव्हताच.

आता आजच्या शाळेकडे येऊ. जिल्हा परिषदेची शाळा धर्मनिरपेक्ष, असे कागदावर असते. तिच्या मैदानात सकाळी परिपाठाला उभे राहून पाहा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग प्रार्थना, सुविचार, बोधकथा, शेवटी पसायदान. आषाढीला पहिलीतले विठ्ठल-रुखमाई डोक्यावर मुकुट सावरत दिंडीत चालतात, शुक्रवारी दुपारी मुसलमान पोरे नमाजाला सोडली जातात, नाताळला मिशनच्या शाळेत गव्हाणी मांडली जाते. मला यात खटकत काही नाही. पसायदान ऐकताना माझा गळा आजही भरून येतो. श्रद्धा शाळेत घ्यावी की घेऊ नये, या वादात मला म्हणूनच फारसा रस उरलेला नाही. ती आत आहे, रांगेत सगळ्यांत पुढे उभी आहे. त्याच रांगेत तो मुलगाही उभा असतो.

संविधानाच्या अनुच्छेद 28 ने रेषा आखून दिली आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कुणाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवायचे नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकाची. म्हणजे इथेही मुलाला विचारायचे नाहीच. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती. अशी सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. 2024 च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय पाठांतराला सुचवलेला, आणि एका प्रकरणाच्या आरंभी मनुस्मृतीतला श्लोक. गदारोळ झाला, महाडला निषेध झाला, खुलासे झाले. कोणते श्लोक मुलांच्या तोंडी घालायचे यावर आपण आठवडेच्या आठवडे भांडू शकतो. मुलांच्या तोंडून काय ऐकून घ्यायचे यावर एक दिवसही भांडलेले मला आठवत नाही.

नाही म्हणायला 2007 साली एकदा भांडलो होतो. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून किशोरवयीनांसाठी शिक्षणाचे साहित्य शाळांत आले. त्यातली चित्रे पाहून विधिमंडळात आरडाओरड झाली आणि महाराष्ट्राने ते बंद केले. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटकानेही तेच केले. पक्ष वेगवेगळे होते, निर्णय एक. पुढे राज्यसभेच्या याचिका समितीने, अध्यक्ष वेंकय्या नायडू, 2009 मध्ये अहवाल दिला : शाळेत लैंगिक शिक्षण नको, त्याऐवजी अभ्यासक्रमात थोर संतांची, आध्यात्मिक गुरूंची, स्वातंत्र्यसैनिकांची चरित्रे घाला. वाचून मला जांबचा नारायण आठवला. संतांची चरित्रे आम्ही शिकवतच होतो. त्या मुलाला ती माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

बंदीने प्रश्न मिटत नसतात, ते फक्त शाळेबाहेर पडतात. आज ते मोबाइलवर पडतात. तिथे उत्तर देणारा कर्वे नसतो.

धर्मांचे या बाबतीत काय म्हणणे, हा या पुस्तकातला सगळ्यांत मोठा भाग आहे आणि तो वाचताना थोडी सावधगिरी बाळगा, असे मी सुचवेन. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी समलिंगी संबंधांना कलम 377 च्या कचाट्यातून सोडवले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी पाहण्यासारखी आहे. एक ज्योतिषी, ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, चर्चच्या संघटना, आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा नावाची संघटनासुद्धा. सर्वधर्मसमभावावर मी पुष्कळ निबंध तपासले. इतके चोख उदाहरण एकाही विद्यार्थ्याने लिहिले नव्हते. आणि ज्या कलमाच्या बचावाला हे सगळे धावले ते ना मनूचे, ना पैगंबरांचे. ते मेकॉलेच्या मसुद्यातून आलेले, 1860 च्या इंग्रजी दंडविधानातले, जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचे. खुद्द मनुस्मृती पुरुषाशी संग करणाऱ्या द्विज पुरुषाला सचैल, म्हणजे अंगावरच्या कपड्यांसह, स्नान सांगते आणि त्याच ओळीत दिवसा किंवा पाण्यात स्त्रीसंग करणाऱ्यालाही तेच प्रायश्चित्त देते. बायकांच्या बाबतीत मात्र मनूचा हात सैल नाही. कुमारिकेशी तसे वागणाऱ्या स्त्रीचे मुंडन, बोटे तोडणे, गाढवावरून धिंड, हे त्याच ग्रंथात आहे.

म्हणूनच आमच्या बाजूचे काही मित्र खजुराहो, शिखंडी, हरिहर यांची रास रचून ‘बघा, आपल्या परंपरेत हे होतेच’ म्हणतात तेव्हा मी अस्वस्थ होतो. ज्याचा हक्क एका श्लोकाने येतो त्याचा हक्क दुसऱ्या श्लोकाने जातो. 2023 च्या आरंभी सरसंघचालक मोहन भागवत यांनी एका मुलाखतीत अशी माणसे पूर्वीपासूनच समाजात आहेत, त्यांनाही जगण्याचा हक्क आहे, असे सांगितले आणि जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला दिला. त्यांच्या स्थानावरच्या माणसाने हे बोलणे ही साधी गोष्ट नव्हे. पण महाभारतात त्या दोघांचे पुढे काय होते? एक मेल्याची खोटी वार्ता ऐकून दुसरा यमुनेत जीव देतो, आणि ते कळल्यावर पहिलाही. नववीच्या वर्गात हा दाखला द्यायचा असेल तर कुठे थांबायचे हे आधी ठरवून जा.

धर्माच्या बाजूने दुसरा आवाजही आला आहे, तोही आपल्याच प्रांतातून. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने 377 पुन्हा लागू केले तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवू नये, असे जाहीरपणे म्हटले. अशा विवाहांना त्यांचा विरोध होता, तोही त्यांनी लपवला नाही. मला ही भूमिका शिक्षकांसाठी फार उपयोगाची वाटते. माझी श्रद्धा मला एक सांगते, माझ्यासमोर उभे असलेले मूल मात्र मी पोलिसाच्या, मांत्रिकाच्या किंवा टवाळखोरांच्या हाती देणार नाही. एवढे म्हणायला कुठलाही धर्म सोडावा लागत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, सविस्तर आत आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क मात्र दिला नाही. अठराच्या आतील मुलांना पॉक्सो कायदा लागू आहेच, आणि हे पुस्तक त्याच्याशी कुठेही तडजोड करत नाही. समलिंगी असणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये आपल्या यादीतून तो काढला, भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये तेच स्पष्ट सांगितले. ‘बरे करण्याचे’ उपचार करणे आता डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे. ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्यासाठी एनसीईआरटीने 2021 मध्ये शिक्षकांकरता पुस्तिका काढली आणि तक्रारी येताच काही दिवसांत संकेतस्थळावरून उतरवली. तेव्हा वरून काही येईल याची वाट पाहू नका.

त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयात मदुराईहून पळून आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण आले. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकालात कबूल केले की या विषयात आपलेच पूर्वग्रह आहेत, आणि निकाल देण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञांसमोर जाऊन बसले. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती ‘मला हे कळत नाही, मला शिकवा’ म्हणू शकतो. आमच्या त्या स्टाफरूममध्ये बारा जण होतो. त्यांतला एकही हे वाक्य बोलला नाही.

या पुस्तकात काही उणिवा आहेत आणि त्या सांगणे प्रस्तावनाकाराचे काम आहे. मुलींबद्दलचा मजकूर कमी आहे. खेड्यातली मुलगी चिठ्ठी लिहीतच नाही, तिचे सतराव्या वर्षीच लग्न होऊन जाते आणि प्रश्न कुणाच्या कानावर येत नाही. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांची मुले सहा महिने फडावर असतात, त्यांच्या शाळेचा विचार इथे आलेला नाही. उर्दू शाळांतल्या शिक्षकांशी बोलणेही अपुरे झाले, आणि जालन्यासारख्या शहरात ही लहान उणीव नव्हे. भाषा काही ठिकाणी पुण्याची झाली आहे. अंबडच्या किंवा मंठ्याच्या शिक्षकाने ती आपल्या तोंडच्या बोलीत करून घ्यावी.

मुख्याध्यापकांना एक विनंती. अशी पुस्तके शाळेत आली की त्यांची नोंद होते, शिक्का बसतो आणि ती कपाटात जातात. कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते. हे पुस्तक कपाटात ठेवू नका, स्टाफरूमच्या टेबलावर हजेरीपटाशेजारी ठेवा. आणि पालकांना पत्र लिहायची वेळ आलीच, तर लिहिण्याआधी एकदा त्या मुलाला समोर बसवून विचारा, की हे पत्र घरी गेल्यावर तुझे काय होईल.